राजेश्वरीचा हायड्रोजन

राजेश्वरी आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर पदार्थविज्ञान शिकवायची; मीही तिथंच शिकवायचो. तिचं गाव सास्तूर. वडील गुंडाप्पा तिथले पाणाडे. तळहातावर नारळ आडवा धरून रानात फिरायचे आणि तो उभा राहिला की तिथं पाणी आहे म्हणायचे. लेकीचा त्यावर कधी विश्वास बसला नाही. ती अब्जावधी प्रकाशवर्षांवरचा वायू शोधत होती.

दूरच्या दीर्घिकेत एखादा प्रचंड तारा मरताना गॅमा किरणांचा स्फोट होतो. त्याचा उजेड तिथल्या हायड्रोजनमधून वाट काढत येतो, आणि किती उजेड गिळला गेला यावरून वायू किती ते कळतं. राजेश्वरीनं संगणकात तशा दीर्घिका उभ्या केल्या, त्यांत स्फोट घडवले आणि प्रत्येकाकडं शंभर दिशांनी पाहिलं. एकाच स्फोटाच्या एका बाजूला वायू दाट, दुसऱ्या बाजूला जवळपास मोकळं. सहा वर्षं तिनं यात घातली. कायम नोकरीसाठी तिला स्वतःच्या नावाचा एक शोधनिबंध हवा होता.

सगळं काम तिनं छापायला पाठवण्यासाठी विभागप्रमुख वसंतरावांच्या हाती दिलं. "माझं नाव टाकाल ना, असं विचारू का त्यांना?" तिनं मला विचारलं. मी म्हणालो, "गुरूला असं विचारतात का? देतीलच ते." आमच्याकडं याला संस्कार म्हणतात. मला आता त्याची किळस येते.

निबंध छापून आला, एकट्या वसंतरावांच्या नावानं.

यंदा मुलाखत झाली. समितीत वसंतराव होतेच. बाहेरच्या तज्ज्ञांनी नेमका तोच निबंध तिच्यापुढं ठेवला. तिनं एकेक आलेख उलगडून सांगितला, छपाईत राहिलेली चूकसुद्धा दाखवली. तज्ज्ञ खूश झाले. "सरांचं काम छान वाचलंय तुम्ही. पण तुमचं स्वतःचं काय?" वसंतराव कागद चाळत राहिले. सरांसमोर ती काही बोलली नाही. जागा दुसऱ्याला गेली.

मी तिला सास्तूरला सोडायला गेलो. गुंडाप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"पाणी दावलं की म्या चार माणसांम्होरं दगड रवतो, त्याला चुना फासतो, मगच जागा सोडतो. तू खूण केली न्हाईस व्हय?"

"करणार व्हते, अप्पा," राजेश्वरी माझ्याकडं बघत म्हणाली. "ह्या सरांनी नको म्हटलं."

गुंडाप्पांनी आत माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला, आणि मी तो प्यालो.