मोडक्या पायानं पळता येतं का? व्हाया वणी, मुकुटबन

माझे देवीदासमामा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, राहतात दारव्ह्याला. त्यांचे शाळेपासूनचे मित्र खोब्रागडे सर, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. चार महिने या दोघांचं बोलणं बंद होतं, आणि कारण होता एक अमेरिकन नट.

दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी या नटानं नाटक बघत बसलेल्या राष्ट्राध्यक्षांना गोळी घातली, वरून रंगमंचावर उडी मारली, पाय मोडून घेतला आणि तरीही घोड्यावर बसून पळाला. बारा दिवसांनी सैनिकांनी त्याला एका कोठारात गाठून मारलं, असं सर म्हणतात. मेला तो भलताच कोणी, खरा निसटला, असं मामा म्हणतात. मामांनी मोबाइलवरचे यावरचे सगळे व्हिडिओ पाहिलेत.

हेही चाललं असतं. पण मधल्या काळात त्यांचे तिसरे मित्र राठोडकाका यांची बायपास झाली आणि 'तिथं तो भेटेल' म्हणून दोघांपैकी एकही त्यांच्या गावी, मुकुटबनला, फिरकला नाही. शेवटी राठोडकाकूंचा मला फोन आला. "पोरी, ते रोज दाराकडे पाह्यत राह्यते."

मी नागपूरहून दारव्ह्याला गेले. शनिवारी सकाळी सातला मामांना गाडीत बसवलं आणि सरांच्या दारात थांबले. सर मागे बसल्याबरोबर मामा म्हणाले, "मी उतरतो." मी दरवाजे लॉक करून ठेवले होते.

यवतमाळला नाश्ता. तर्री-पोहे खाणार असाल तर तर्री वेगळ्या वाटीत मागा, नाहीतर पुढचा रस्ता रडत चालवाल. करंजीपर्यंत दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, पांढराशुभ्र. वणीकडे वळलात की काचा वर करा, कोळशाचे ट्रक सुरू होतात. पेट्रोल वणीतच भरून घ्या. पुढचा रस्ता अरुंद आहे.

वाद अर्थातच माझ्यामार्फत चालला होता.

"तुझ्या मामाले सांग, मानेवरचा व्रण पाहून ओळख पटवली होती."

"मास्तरले सांग, जिंदगीभर पास तपासले म्या. फोटोवाल्या पासावर बी लोक दुसऱ्याच्या नावानं जाते. व्रणाचं काय घेऊन बसला?"

"त्याले म्हण, पास अन् प्रेत यात फरक असते."

तीन तास. मी एकदा रेडिओ लावला, दोघांनी एकदम "बंद कर" म्हटलं. सकाळपासूनची ती पहिली सहमती.

राठोडकाका ओट्यालगत खाटेवर बसले होते, छातीशी उशी धरून. टाक्यांमुळे खोकताना ती दाबून धरायची असते.  दोघांना बघून म्हणाले, "मी मेलो असतो त बी आळीपाळीनं आले असते का बे?"

मामा चपलांकडे बघू लागले. सरांनी चष्मा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

काकूंनी रोडगे आणि वांग्याची भाजी वाढली. निखाऱ्यात भाजलेल्या त्या कणकेच्या गोळ्यांवरचं तूपसुद्धा दोघांनी एकमेकांकडून माझ्यामार्फतच मागितलं. शेवटी काकाच म्हणाले, "बरं, तो नट मेला का नाही? मीच निकाल देतो आता."

मामा उठले. "पाय मोडल्यावर माणूस घोड्यावर जाऊच शकत नाही. म्हणजे कोठारात मेला तो मोडक्या पायाचा भलताच कोणी. दाखवू?" आणि कुणी नको म्हणायच्या आत त्यांनी ओट्यावरून उडी मारली. ओटा कमरेएवढा असेल. खाली पडून ते "मेलो बे!" असे ओरडले, की शेजारी बांधलेला कोवळ्या शिंगांचा गोऱ्हा बिथरला आणि दावं तोडून सरळ त्यांच्यावर आला. मामा उठले. पळाले. अख्ख्या अंगणाला वळसा घालून बैलगाडीवर चढून बसले.

"पळाला!" सर टाळ्या वाजवत उभे राहिले. "मोडक्या पायानं पळाला! अजून पुरावा पाह्यजे का तुले?"

काका उशी गच्च आवळून हसत होते. डोळ्यांतून पाणी. काकू ओरडत होत्या, "टाके! टाके सांभाळा!" मग सर बैलगाडीपाशी गेले. "दे हात, देव्या," ते म्हणाले. मामांनी दिला. परतताना दोघं मागच्या सीटवर होते, मामांचा पाय सरांच्या मांडीवर.

मी नागपूरला पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी मामांचा फोन आला. सरांनी बळेच एक्स-रे काढायला लावला होता. हाडाला बारीकशी चीर निघाली, प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी कसं झालं विचारलं आणि तिथंच पुन्हा भांडण. मामा म्हणतात, अंगावर आला तो चांगला शिंगाळ बैल होता. सर म्हणतात, दोन महिन्यांचं वासरू होतं. राठोडकाकांना विचारलं, तर ते म्हणतात कुणीच अंगावर आलं नव्हतं, देव्या वांग्याच्या भाजीला घाबरून पळाला.

मी म्हणते गोऱ्हा. पण आता मला कोणी विचारत नाही. रोज संध्याकाळी सर मामांकडे डबा घेऊन जातात, काकांना फोन लावतात आणि तिघं मिळून त्या जनावराचं वय काढत बसतात. चाळीस मिनिटं सहज जातात. काकू सांगत होत्या, फोन यायच्या वेळेला काका आता उशी आधीच जवळ घेऊन बसतात.