सरांचा जंतू

आमच्या प्रयोगशाळेतले सर यर्सिनिया नावाच्या जंतूवर आयुष्यभर संशोधन करत आले होते. हा जंतू डुकरांच्या पोटात राहतो, फ्रिजच्या गारठ्यातही वाढतो आणि माणसाच्या पोटात गेला की अपेंडिक्स सुजल्यासारखं पोट दुखतं, हे ते दर वर्गाला घसा फोडून सांगत.

प्रयोगशाळेचा फ्रिज बंद पडला, तेव्हा सरांनी डुकरांच्या विष्ठेच्या बाटल्या घरी नेऊन फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी मांडल्या. वहिनी चिडल्या.

"अगं, झाकणं घट्ट आहेत," सर म्हणाले. "आणि थंडीत त्यांना काय होणार आहे?"

थोड्याच दिवसांत वहिनींचं आणि मुलीचं पोट बिघडलं. सरांनी बाहेरच्या खाण्याला नावं ठेवली. मग त्यांच्याच पोटात उजवीकडे कळ उठली.

"काम काय करता?" सर्जनने विचारलं.

"संशोधन," सर म्हणाले. कसलं, ते सांगितलं नाही. चाकू चालवणाऱ्याला त्यातलं काय कळणार, असं त्यांना वाटलं. सर्जनने अपेंडिक्स कापून काढलं. ते ठणठणीत निघालं.

पुढच्या तपासणीत यर्सिनिया सापडला, तसे सर खाटेवर ताठ बसले. डुकराचा जंतू माणसात आल्याचा असा चोख पुरावा त्यांना आजवर मिळाला नव्हता. त्यांनी निबंध लिहिला, परिषदेत टाळ्या घेतल्या आणि शेवटी पत्नी व कन्येचे सहकार्याबद्दल आभारही मानले.

वहिनींनी नवा फ्रिज घेतला. त्याला कुलूप आहे आणि किल्ली सरांना मिळत नाही.