अधिक महिन्यातली करवत

मी दुरुस्त करायला घेईपर्यंत माझ्या सासऱ्यांच्या पेट्रोलच्या करवतीत फारसा बिघाड नव्हता.

गोष्ट सत्त्याहत्तर सालची. लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना, म्हणून मोहोळहून बोलावणं आलं. अधिकात जावयाचा मान मोठा. नवं धोतर देतात, पाटावर बसवतात, तेहतीस अनारशांचं वाण देतात आणि मुख्य म्हणजे तो म्हणेल त्याला कुणी नाही म्हणत नाही. सोलापुरात घरचं मांजरसुद्धा माझं ऐकत नसे, तेव्हा मी आनंदाने निघालो. धाकधूक एकाच गोष्टीची होती. लग्न जमवणाऱ्या मामांनी "मुलगा इंजिनाच्या कंपनीत आहे" असं सांगितलं होतं. ते खरंच होतं. मी तिथे बिलं लिहीत होतो. पण मोहोळात मला इंजिनियर समजतात अशी माझी खात्री होती आणि (खोटं कशाला बोला) ते मला आवडतही होतं.

"अहो, आबांना एकदा सरळ सांगून टाका की," एस.टी.त माझी बायको सुमन म्हणाली.

"सांगतो. वेळ बघून," मी म्हणालो. एकदा का हे कळलं, की सासुरवाडीत आपल्याला पाट सोडा, सतरंजीही मिळायची नाही, असं मला वाटत होतं.

सासऱ्यांची, म्हणजे आबांची, हायवेला लाकडाची वखार होती आणि वखारीला लागूनच घर. आम्ही पोचलो तेव्हा माझा मेहुणा दत्तू अंगणात करवतीची दोरी ओढत होता. कुर्डुवाडीच्या एका ठेकेदाराकडून आबांनी ती जुनी घेतलेली. पुढे साखळीला दात, मागे इंजिन. तसलं मशीन मी प्रथमच पाहत होतो.

"काय झालं रे?" मी विचारलं. इथंच चुकलं.

"काय न्हाई वो, दाजी. रेस दिली की पळतंय, रेसचा घोडा सोडला, स्लोवर आलं, की बंद पडतंय. बगतो मी."

"आण इकडे," मी म्हणालो.

दत्तूने आबांकडे पाहिलं. आबांनी सासूबाईंकडे पाहिलं. सुमनने कपाळाला हात लावला. मग आबा म्हणाले, "दत्तू, पाव्हणं म्हणत्यात तसं कर."

जावयाने नव्या धोतरात हाताला काळं लावायचं नाही, हा सासूबाईंचा दंडक. त्यामुळे मी रांगोळी काढलेल्या पाटावर मांडी घालून बसलो, समोर दुसऱ्या पाटावर करवत ठेवली आणि मी सांगायचं, दत्तूने करायचं, असं ठरलं. मला इंजिनाच्या सुट्या भागांची नावं पाठ होती, किमतींसकट! ते भाग बसतात कुठे, एवढंच बिलात लिहीत नसत.

"प्लग काढ," मी म्हणालो. दत्तूने काढला, पुसला, लावला. करवत सुरू झाली आणि स्लोवर येताच बंद पडली.

"मग हवेची जाळी." ती सासूबाईंनी साबण लावून खसाखसा धुतली आणि दोरीवर पातळाशेजारी वाळत घातली. करवत पुन्हा बंद पडली.

"आता कार्बोरेटरचा स्क्रू फिरव."

"कंचा? तीन हाईत."

"मधला." (मधला घेतला की चुकण्याची शक्यता कमी, असं मला आजही वाटतं.)

"कुणीकडं?"

"उजवीकडे. फिरवत राहा, मी थांब म्हणतो."

थांब केव्हा म्हणायचं याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात स्क्रू फिरायचाच थांबला.

"आणि ही वायर कसली?" मी आता रंगात आलो होतो.

"ती बंद करायच्या बटणाची, दाजी."

"म्हणजे मशीन बंद कोण पाडतं? हीच वायर ना?"

"व्हय, पर..."

"मग काढ ती."

दत्तूने पुन्हा आबांकडे पाहिलं. आबांनी मान हलवली. वायर निघाली. टाकी काठोकाठ भरून दत्तूने दोरी ओढली, करवत गरजली, त्याने घोडा सोडला आणि करवत चालूच राहिली! मी सुमनकडे पाहिलं. इतक्या ऐटीत मी तिच्याकडे लग्नातही पाहिलं नव्हतं.

पण साखळीही चालूच राहिली. घोडा सोडलेला, तरी दात गरागरा फिरतायत. दत्तूने बटण दाबलं. बटणाला आता वायर नव्हती. करवत खाली ठेवावी तर ती आधी पाट कापणार आणि मग पाटावरचा मी. दत्तू ती दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. आबांना वाटलं, चालूच आहे तर चार लाकडं तरी होतील. त्यांनी ओंडके पुढे सरकवायला सुरुवात केली. ओंडके संपले. मग गिऱ्हाइकांना बसायचं बाकडं संपलं. आवाज ऐकून हायवेवरची माणसं आत येऊन उभी राहिली.

तेवढ्यात सासूबाई वाण घेऊन आल्या. जेवणाआधी ते द्यायलाच हवं होतं. एका हातात अनारशांचं ताट, दुसऱ्या हातात तबक, तबकात पेटलेलं निरांजन आणि समोर पेट्रोल! सुमनने तबक हिसकावलं. निरांजन विझवणं अशुभ, म्हणून ती ते घेऊन वखारीच्या पार दुसऱ्या टोकाला पळाली आणि माझं औक्षण तिथूनच झालं. मी इकडून हात जोडले.

दत्तूच्या हातातली करवत आता खाली खाली यायला लागली होती. साखळी त्याच्या पायापासून वीतभर. माझी ऐट उतरली आणि मनापासून भीती वाटली. मी इंजिनियर नाही हे यांना कळलं तरच कुणी शहाणा माणूस पुढे येईल, हे मला उमगलं. मान गेला तर गेला. मी आबांच्या कानाशी ओरडलो, "आबा, मी इंजिनियर नाही!"

त्या आवाजात काय ऐकू आलं कोण जाणे, आबांनी हसून अनारशांचं ताट माझ्यापुढे केलं.

मी पाटावर उभा राहिलो आणि होती नव्हती ती ताकद लावून ओरडलो, "आबा, मी साधा..." इथे पेट्रोल संपलं. पुढचं "कारकून आहे, मला यातलं ओ की ठो कळत नाही!" हे निम्म्या मोहोळाने निवांत ऐकलं.

"ठावं हाय की," आबा शांतपणे म्हणाले.

"काय?"

"लग्नाआदी तुमच्या कंपनीत येऊन बघून गेलो हुतो मी. तुमी खाली मान घालून बिलं लिवत हुता. पोरगं गरीब वाटलं, म्हणून तर सुमी दिली."

"मग हे मशीन माझ्याकडे कशाला दिलं?"

"तुमीच म्हणाला आण. अधिकात जावयाला न्हाई कसं म्हणायचं?"

दत्तू मनगटं चोळत होता. "इस्क्रू जरासाच फिरवायचा हुता," तो म्हणाला. "आन् चोक ओडला असता, तर मशीन तवाच बंद झालं असतं."

"मग ओढला का नाहीस?"

"तुमी कुटं सांगितलं?"

मी पुन्हा पाटावर बसलो. दत्तू अदबीने म्हणाला, "दाजी, सुमीला घेऊन जरा बाजारात फिरून येता का? घटकाभर."

आम्ही फिरून आलो, तर करवत स्लोवर संथ फुरफुरत होती. माझ्या पाटावरून उठण्याने एवढा फरक पडेल, असं मला वाटलं नव्हतं.