साहेबांच्या आवाजात सुके बोंबील

नव्वदच्या आसपास मी मानपाड्याच्या एका लहान कंपनीत लागलेलो. तिथे एकाच फायबरमधून, म्हणजे केसाएवढ्या काचेच्या तारेतून, प्रकाशावर दोन आवाज पाठवायचा खटाटोप चाललेला. एका आवाजाचा प्रकाश उभा थरथरणारा, दुसऱ्याचा आडवा. पलीकडच्या टोकाला दोन्ही वेगळे काढायचे, हे माझं काम. फायबर जराशी हलली की उभं-आडवं एकमेकांत मिसळायचं. मग तिची वेटोळी बोटांनी हळूहळू फिरवत, आवाज सुटा होईपर्यंत कान लावून बसायचं.

एकदा पुढच्या चाचणीचं काम आम्हाला द्यावं का, हे ठरवायला मुंबईहून दोन पाहुणे आले. आमचे साहेब काचेपलीकडच्या केबिनमध्ये टेबलावरच्या माइकसमोर बसले. दुसऱ्या माइकवर स्टोअर सांभाळणाऱ्या मावशींना बसवलं, स्टोअरचं दार लावून. मावशी खाडीकाठच्या कोळी.

"काय बोलू रं?" त्यांनी विचारलं.

"काहीही बोला मावशी, फक्त थांबू नका."

मी स्पीकर साहेबांच्या आवाजावर लावला. आवाज एकदम स्वच्छ. पाहुण्यांनी माना डोलावल्या. साहेब रंगात आले आणि त्यांनी टेबलावर मूठ आपटली. फायबर त्याच टेबलावरून गेलेली.

"आमच्या कंपनीचं भवितव्य म्हणजे..." साहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजावर मावशी चढल्या, "...आधी मुंडकं काढायचं, मग कोमट पाण्यात भिजत घालायचं."

एक पाहुणा खोकला. मी घाईघाईने वेटोळी फिरवली. आवाज सुटा झाला, तर पुन्हा मूठ.

"आमचे तरुण इंजिनिअर..." "...उन्हात नीट वाळलं पाहिजेत, नाहीतर वास मारतात."

आता दोघांनाही खोकला झाला. साहेबांना काय सांगणार? कागदाच्या चिटोऱ्यावर लिहिलं, धावत जाऊन त्यांच्यासमोर ठेवलं. परत येतोय तोच स्पीकरमधून साहेबांचा भारदस्त आवाज आला, "साहेब, हात खिशात ठेवा."

बोलण्याच्या ओघात त्यांनी चिठ्ठीच वाचून टाकलेली!

मग काचेपलीकडे साहेबांनी खरंच हात खिशात घातले आणि वर्गात उभ्या केलेल्या मुलासारखे दहा मिनिटं बोलले. एक शब्द मिसळला नाही. मग पाहुण्यांनी मावशींचा आवाज ऐकायला मागितला, तो शेवटपर्यंत ऐकला. एकजण वहीत भराभर लिहीत होता. मला वाटलं, आमच्या चुका टिपतोय. डोकावलो तर सुक्या बोंबलाची चटणी.

चाचणीचं काम आम्हाला मिळालं. पाहुणे गेल्यावर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. नोकरी गेली, असं धरूनच मी आत गेलो.

"अरे," साहेब म्हणाले, "चिठ्ठीवर 'मोठ्याने वाचू नये' एवढं तरी लिहायचंस!"