पन्नास मिनिटं मागं पडलेला साक्षीदार

ती घटना मी विसरू शकत नाही, आणि विसरणारही नाही. मी वर्दी उतरवली. राग उतरला नाही.

हंगाम संपून बंद असलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या गोदामातून विजेच्या दोन मोटारी चोरीला गेल्या. सोमवारी मालकाच्या ध्यानात आलं. शेजारच्या दुकानदारानं खबर दिली, "सायेब, शनिवारी मागच्या फाटकातून टेम्पो गेलता." त्याच्या कॅमेऱ्यात वेळ होती दुपारचे अडीच. ते घड्याळ मी तपासलं. बरोबर होतं.

शनिवारी जिनिंगमध्ये दोघंच आले होते, स्टोअरकीपर आणि नांदूरघाटचा एक फिटर. पुढच्या फाटकावर येता-जाता अंगठा लावायचं मशीन. त्याची नोंद सांगत होती की स्टोअरकीपर पावणेदोनला बाहेर पडला, फिटर दोन दहाला आत आला. सोमवारच्या पंचनाम्यात नोंदीच्या संगणकाचं घड्याळ माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. मिनिटाचाही फरक नाही. फिटरला अटक झाली, गुरुवारपर्यंत पोलीस कोठडी मिळाली.

"ग्रीस लावायला तीनला बोलावलं होतं ना? मग दोन दहाला काय करत होतास?"

"म्या तीनलाच आलो, सायेब. किती डाव सांगू?"

आमचे वरिष्ठ हसले. "कॉम्प्युटर काय तुझा दुश्मन हाय का बे, खोटं बोलायला?"

दहा वेळा विचारलं, उत्तर एकच. खोटं बोलणारा माणूस चौथ्या-पाचव्या वेळी गोष्ट सुधारतो, कुठं तरी ठिगळ लावतो. याच्या गोष्टीला ठिगळ नव्हतं. बाहेर त्याची बायको डबा घेऊन पायरीवर बसून होती.

मंगळवारी मी पुन्हा जिनिंगच्या ऑफिसात गेलो. तिथं एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालायचा. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. फाटकाच्या नोंदी त्या पोटातल्या संगणकात, वेळही त्याच्याच घड्याळाची. मी बसलेलो असतानाच लाईट गेली. ऑपरेटर बाईंनी चटकन एक बटण दाबलं.

"हे काय केलं, ताई?"

"झोपवलं त्याला. जनरेटर सुरू होईस्तोवर बॅटरी पुरली पायजे ना!"

दहा मिनिटांनी त्यांनी ते जागं केलं. मी पडद्याकडं पाहिलं, मग मनगटाकडं. पोटातलं घड्याळ दहा मिनिटं मागं! झोपेत गेलेला वेळ त्यानं मोजलाच नव्हता. वेळ आपोआप जुळवून घ्यायची सोय बसवणाऱ्यानं बंदच ठेवली होती.

"मग हे असंच मागं राहतं?"

"न्हाई हो, दर सोमवारी आल्या आल्या मोबाईल बघून लावते की म्या!"

म्हणजे आमचा पंचनामा होण्याआधी बाईंनी घड्याळ दुरुस्त केलेलं! मी जागेवरून उठलोच. बाहेरच्या संगणकाचं घड्याळ बरोबर होतं, आणि कधी झोपवलं, कधी उठवलं याची नोंद त्यात होती. मागच्या आठवड्याच्या सोमवार ते शुक्रवारच्या झोपेची बेरीज केली. पन्नास मिनिटं. पुन्हा केली. पन्नासच.

आता दोन्ही नोंदींत पन्नास मिळवा. फिटर आला तीनला, तो सांगत होता अगदी तसा. आणि स्टोअरकीपर बाहेर पडला दोन पस्तीसला, टेम्पो गेल्यावर पाच मिनिटांनी!

स्टोअरकीपरला समोर बसवलं. "मशीन बघा की, पावणेदोनलाच गेलो," तो ऐटीत म्हणाला. मी बेरजेचा कागद पुढं सरकवला. त्यानं पाणी मागितलं आणि माल कुठं ठेवलाय ते सांगून टाकलं. संध्याकाळी वडवणीला त्याच्या मेव्हण्याच्या शेडमधून दोन्ही मोटारी पंचांसमक्ष जप्त केल्या. बुधवारी कोर्टात अहवाल दिला आणि फिटर सुटला.

फिटरची बायको वरिष्ठांच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. "आता टाका की त्या मशीनला कोठडीत!" सगळं ठाणं हसलं. वरिष्ठांनी फाईल उघडून मान खाली घातली.

गरिबानं दहा वेळा खरं सांगितलं तरी त्याला पुरावा मागायचा, आणि यंत्रानं एकदा सांगितलं की मान डोलवायची, हा कुठला न्याय? घड्याळ माणूसच लावतो. त्या दिवसापासून कुठलीही छापील वेळ समोर आली की मी आधी विचारलं, हे लावलं कुणी आणि कधी? आरोपीला प्रश्न त्यानंतर.