मायच्या अंगठ्याचं नख

चूक काडीची होती, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. आमच्या लोह्याकडच्या गावांतून चपलेचं माप बाजाराला धाडायचं ते काडीनं. तुरीची काडी पावलाशी धरायची, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, आणि तिथं मोडायची. दुकानदार ती काडी चपलेवर ठेवून बघायचा. मायच्या पावलाची तशीच काडी पिशवीत घालून मी लातूरला गेले. लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांना धड इमारती नव्हत्या, खुर्च्या उसन्या आणलेल्या, पण कारकून हवे होते आणि त्यात माझा नंबर लागला होता. पहिल्या पगारात मायला बूट घ्यायचे, हे ऑर्डर हातात पडली त्याच दिवशी मी ठरवलं होतं.

माय रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, मी एकुलती एक. पायावर दगड पडू नये म्हणून बूट, हे मी लोकांना सांगायचे ते कारण. खरं कारण वेगळं होतं. माझी आजी चावडीपुढून जाताना चपला काढून हातात घ्यायची, तसं करावंच लागायचं, आणि मायनं ते लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. आमच्या गावच्या चावडीपुढून माझी माय बूट वाजवत गेली पाहिजे, असं माझ्या मनात होतं. आणि ती गेलीही. कामावर जाताना जवळची वाट सोडून मुद्दाम चावडीवरून जायची.

काडीनं लांबी कळते, रुंदी कळत नाही. जन्मभर अनवाणी किंवा टायरच्या चपलेत चाललेलं तिचं पाऊल पुढं पसरलेलं होतं. बूट लांबीला बरोबर आले आणि पुढं बोटं एकमेकांवर चढली. मी विचारलं, "बसले का गं?" ती म्हणाली, "हाव, झ्याक बसले." मी खूश होऊन लातूरची गाडी धरली.

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मी गावी यायचे. तीन-चार महिन्यांनी अशाच एका शनिवारी तिचा उजवा अंगठा माझ्या नजरेस पडला. नखाची एक कड मांसात रुतलेली, बाजूला लाल सूज.

"हे काय गं?"

"नखुरडं हाय. जाईल."

"दुखतंय?"

"न्हाई दुखत."

मी जात्याच भित्री, आणि भीती वाटली की मला राग येतो. तिच्यावर खेकसत मी ब्लेड आणलं, तिचा पाय मांडीवर घेतला आणि नखाचा कोपरा मुळापर्यंत खोल कापून गोल केला. ती हललीसुद्धा नाही. माझा हात हलका आहे, असं मला वाटलं. तेव्हाच घाबरायला हवं होतं, पण नको तिथं घाबरायचं आणि हवं तिथं शहाणपणा मिरवायचा ही माझी जुनी खोड. शेजारची काकू म्हणाली, "शनिवारी नखं काढू नी माय." तिलाही मी ताडकन बोलले, की आम्ही हे सगळं केव्हाच सोडलंय.

पंधरा दिवसांनी परत आले तर घरात शिरताच वास आला. अंगठा दुप्पट सुजलेला, कडेनं पू. हळद लावून वर चिंधी बांधायची आणि चिंधीवरून बूट चढवायचे, असं तिचं चालू होतं. कामावर खाडा नको म्हणून. "दुखत न्हाई तर कशाला दवाखाना?" हे तिचं एकच पालुपद. मी काही ऐकलं नाही. एसटीनं नांदेड गाठेपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर तिचं अंगठा नसलेलं पाऊल येत होतं, आणि ती मात्र खिडकीतून कोरडी शेतं बघत होती.

डॉक्टर म्हातारे होते, शांत. अंगठा पाहिला आणि आधी लघवी तपासायला पाठवलं. साखर निघाली. भरपूर निघाली. मग त्यांनी विचारलं, "नख कुणी कापलं असं?"

माय पटकन म्हणाली, "मीच काढलं साहेब."

मी गप्प बसले. त्याची लाज मला आजही वाटते.

"मावशी, कोपरा खोल कापला की नखाचं एक टोक आत राहतं. ते वाढतं तसं मांसात घुसतं. नख सरळ कापायचं, बोटाच्या टोकाइतकं ठेवायचं, कोपरे कोरायचे नाहीत. आणि हे बूट आजच काढा. पुढं बोटांना जागाच नाही त्यात."

मग त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितले. कापसाची वात पायाला लावतो, लागलं की सांगायचं. माय डोळे घट्ट मिटून बसली. त्यांनी अंगठ्याला वात लावली, ती गप्प. टाचेला लावली, गप्प. आणि मग डॉक्टरांचा हात हवेतच असताना ती म्हणाली, "लागलं." थोड्या वेळानं पुन्हा, "लागलं, लागलं साहेब." पायाला काहीच शिवलेलं नव्हतं. शाळेत उत्तर न येणारं पोर अंदाजे बोट वर करतं तशी ती बोलत होती. नाही म्हटलं तर अंगठा कापतील, ही तिची भीती मला दिसत होती. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला रडू आवरेना.

"दुखत नाही, हेच वाईट आहे," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "साखरेनं पायाची जाणीव गेलीय. कडेचं नख आज काढतो. जखम भरली तर देव पावला. काळं पडायला लागलं तर अंगठा काढावा लागेल. रोज उघडून बघा."

त्यांनी नखाची रुतलेली पट्टी काढली. साखरेच्या गोळ्या लिहून दिल्या. पाणी उकळून, मीठ घालून, गार करून त्यानं रोज जखम धुवायची. गरम मुळीच नाही, तिला चटका कळणार नाही.

नवी नोकरी, रजा कुठली मिळायला? बिनपगारी घेतली आणि गावी राहिले. टँकर दिवसाआड यायचा, तोही आला तर. घरात आंघोळीचं पाणी शेवग्याला जायचं, डाळ-तांदूळ धुतलेलं शेळीला. मिठाचं पाणी कुणालाच चालत नव्हतं, आणि माय त्यापायी हळहळायची. "पायावर वतून राहिली नुसतं. शेळी बी तोंड लावना त्येला." मी पाणी भरायला गेले की अर्ध्या वाटी पाण्यानं पाय ओला करायची आणि धुतला म्हणून सांगायची. एकदा पकडली तेव्हा मी इतकी ओरडले की काकू धावत आली. माय मुकाट्यानं पाय पुढं करून बसली.

रोज सकाळी पट्टी मीच सोडायचे. एके दिवशी कडेला काळा ठिपका दिसला. मी त्याच्याकडे बघतच राहिले. "काय दिसतंय गं?" ती विचारत होती. ओला कापूस फिरवला तर ठिपका पुसला गेला. औषधाचा डाग होता. मी पायरीवर जाऊन बसले ती बराच वेळ उठले नाही.

तीन आठवड्यांनी नांदेडच्या डॉक्टरांनी अंगठा चहूबाजूंनी दाबून पाहिला. जखम सुकली होती. "वाचला अंगठा," ते म्हणाले. "पण आता रोज संध्याकाळी दोन्ही पाय बघायचे, बोटांच्या मधेसुद्धा. रुंद चप्पल घाला, अनवाणी फिरू नका. मावशी, तुमच्या पायाला आता तोंड नाही. त्याचं दुखणं तुम्हाला डोळ्यांनीच बघावं लागणार."

बसस्टँडवर गाडीची वाट बघत बसलो होतो. मायच्या पायात नवी, पुढून उघडी चप्पल. महिनाभरात पहिल्यांदाच माझी छाती मोकळी झाली होती, म्हणून धीर करून विचारलं, "माय, आता खरं सांग. कधीपासून लागत न्हाई तुला पायाला?"

ती म्हणाली, "पयले लई आग व्हायची बाई तळपायाची. कुणाला सांगू? तुझी शाळा चालू व्हती." पदरानं तोंड पुसलं तिनं. "तुला नोकरी लागली आन् थांबलीच बघ. मला वाटलं, सुखाचे दिस आले म्हणून थांबली."