चुलीवरचा पांढरा चौकोन

हॅडलॉकच्या खाडीत एखाद्याला "शेवंडं कुठे लागली?" असं विचारणं म्हणजे परक्याच्या बायकोचं वय विचारण्यासारखं आहे. विचारणारा मूर्ख ठरतो, आणि उत्तर देणारा त्याहून मोठा. एल्ब्रिज स्मॉलिजचा बाप थॅडियस या बाबतीत फारच पक्का. शेवटच्या दुखण्यात पाद्री उशाशी बसून त्याला म्हणाला, "थॅडियस, आता आपण कुठे निघालोय, ठाऊक आहे ना?" तर म्हातारा डोळे न उघडता म्हणाला, "शेजारी कुठे चाललाय ते आधी सांगा." ही गोष्ट सांगून अमेरिकेतल्या मेनच्या त्या किनाऱ्यावर लोक अजून हसतात, आणि हसता हसता शेवंडांच्या, म्हणजे त्या मोठ्या नांगीवाल्या झिंग्यांच्या, आपापल्या सापळ्यांच्या जागेबद्दल एक थाप मारून घेतात.

अशा बापाचा हा मुलगा. एल्ब्रिज तसा बोलका गडी. हवा, मेलेली माणसं, कुणाच्या केकमध्ये बोरं जास्त आणि कुणाच्यात पीठ, यावर धक्क्यावरच्या पिंपावर बसून दुपार काढील. आमिषाच्या खारवलेल्या माशांचा वास त्याच्या कोटाला असा चिकटलेला की चर्चमध्ये त्याच्या बाकावर ऐसपैस जागा असायची. पण बोलणं समुद्राकडे वळलं की त्याच्या तोंडाला कुलूप.

कुलपाचं कारण होतं चूल. खाडीच्या तोंडापासून बरंच बाहेर, पाण्याखाली खडकांची एक रांग आहे. उन्हाळ्यात तिथे खालचं गार पाणी वर येतं आणि सकाळचं धुकं असं उठतं, की वाटावं कुणी ओली लाकडं पेटवली आहेत. म्हणून थॅडियसच्याही आजापासून तिचं नाव चूल. त्या चुलीवर दोनच घरांचं शिजायचं: एल्ब्रिजचं, आणि त्याचा मावसभाऊ हॉलिस याचं. कायद्याने समुद्र सगळ्यांचा. पण कायदा किनाऱ्यावर राहतो, चुलीपर्यंत यायला त्याला होडी लागते. तिसऱ्या कुणाचा बोया, म्हणजे तळाच्या सापळ्याच्या दोराला बांधलेला, ज्याच्या त्याच्या रंगाचा तरंगता ठोकळा, चुलीवर दिसला, तर पहिल्यांदा त्याच्या दांड्याला दोराचा एक फास. त्याचा अर्थ तिकडच्या शेंबड्या पोरालाही कळतो: आम्ही पाहिलंय, नीघ. नाही निघाला, तर पुढच्या खेपेला दोर कापलेला. वर बोया नाही, आणि सापळे तळाशी गेलेले, कायमचे. कुणी केलं? कुणी पाहिलं नाही. साक्षीला फक्त धुकं, आणि धुक्याला कोर्टात कोण बोलावणार?

बाहेरगावचा प्रुइट म्हणून एकजण आला होता. चांगली नवी होडी, चांगला स्वभाव, बायको सगळ्यांना स्वतः केलेला मुरंबा वाटायची. त्याने फास पाहिला आणि त्याला वाटलं, गंमत असेल. त्याच्या घराच्या खिडक्यांना ठोकलेल्या फळ्या अजून तशाच आहेत. मुरंब्याच्या बरण्या मात्र बऱ्याच घरांत कामाला येतात.

तर अशी ही पद्धत. मग सरकारने होड्यांवर डबी बसवली. हाताच्या पंजाएवढी, छपरावर. तिच्यात एक हिरवा दिवा लुकलुकतो आणि होडी कुठे आहे ते ती मिनिटामिनिटाला सरकारला कळवते. सगळ्या धक्क्याने बोटं मोडली. हॉलिस म्हणाला, आता लघवीला उभा राहिलो तरी राजधानीत कळणार. पण डबी नाही तर परवाना नाही, म्हणून बसवली. सरकारने शब्द दिला होता की एकट्यादुकट्याची जागा कुणाला दाखवणार नाही, आणि तो शब्द सरकारने पाळला. सगळं पुढचं त्या पाळलेल्या शब्दातूनच झालं.

त्याआधी एक सांगायला हवं. त्या साली टग आणि बार्ज यांची ये-जा वाढली होती. टग म्हणजे ओढणारी छोटी बोट, बार्ज म्हणजे मागून ओढला जाणारा लोखंडी वाडाच. दोघांच्या मधली तार इतकी लांब असते की धुक्यात टग दिसतो तेव्हा बार्ज दिसत नाही. एका सकाळी चुलीवर एल्ब्रिजने टगचा भोंगा ऐकला. टग पुढून गेला, त्याच्या लाटा आल्या, विरल्या. गेला बाबा, म्हणून त्याने होडी पुढे घ्यायला हात घातला आणि कशाने कोण जाणे, थांबला. समोरचं पाणी हळूच उसवलं, शिवण सुटावी तसं. ती तार होती. मग धुक्यातून काळी भिंत आली, कसलाच आवाज न करता, आणि बराच वेळ जात राहिली. घरी येऊन त्याने शनिवारचा काकवी घातलेला राजमा पानात तसाच ठेवला. मुलीने, रोंडाने, विचारलं तर म्हणाला, मीठ जास्त पडलंय.

रोंडा गावच्या शाळेत शिकवायची. तिनेच एका संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर संगणक उघडून त्याला बोलावलं. या टग-बार्जना नेमून दिलेली वाट आखायची, असं सरकारी खात्याने ठरवलं होतं. आणि नियम पक्का करण्याआधी आपल्याजवळची समुद्राची सगळी माहिती लोकांपुढे उघडी ठेवली होती. कुणीही बघावं, हरकती आणि सूचना द्याव्यात, मग आम्ही रेघ मारू. नकाशावर चौकोनच चौकोन. जिथे होड्या जास्त तिथे निळा रंग गडद.

एल्ब्रिजने चष्मा पुसून चूल शोधली. सगळा उपसागर निळा, आणि चुलीचा चौकोन पांढरा. कोरा करकरीत.

त्याला हसू आलं. बापाची आठवण झाली. एवढी डबी बसवली, आणि तरी सरकारला पत्ता नाही.

"बाबा, हसताय काय," रोंडा म्हणाली. "तिनापेक्षा कमी होड्या असल्या की ते चौकोन कोरा ठेवतात. कुणाचं गुपित फुटू नये म्हणून. आता हे बघा." तिने बोटाने एक करडा पट्टा दाखवला. टग-बार्जची वाट. पट्टा निळ्या चौकोनांना अदबीने वळसा घालत आला होता आणि जिथे कुणीच नाही अशी जागा पाहून सरळ आत शिरला होता. चुलीवरून.

एल्ब्रिजने चष्मा काढून खिशात ठेवला. मग पुन्हा घातला. पिढ्यान्‌पिढ्या तिसऱ्याला हाकलून हाकलून त्यांनीच ती जागा कोरी केली होती.

दुसऱ्या दिवशी तो हॉलिसकडे गेला. हॉलिस त्याच्यापेक्षा थोरला, डावरा, कमी बोलणारा. बोये रंगवत बसला होता. सगळं ऐकून घेतलं, ब्रश धुतला, आणि म्हणाला, "मग? कोरा आहे ना? कोराच राहू दे."

एल्ब्रिजने बार्जची आठवण दिली. सापळे ओढून नेतील, एखाद दिवशी आपल्याला नेतील. हरकत घ्यायची तर जागा सांगावी लागेल, एवढंच.

"एवढंच," हॉलिस म्हणाला. "अरे, बार्ज आठवड्यातून दोनदा येईल. माणसं रोज येतील."

एल्ब्रिज टोपी घालून उठला. निघताना हॉलिसने त्याला अंडी दिली, नेहमीसारखी. पण फाटकापर्यंत सोडायला आला नाही.

जनसुनावणी आगीच्या बंबाच्या शेडमध्ये होती. बंब बाहेर काढून खुर्च्या मांडलेल्या. खात्याकडून व्हीलॉकबाई आल्या होत्या, गुडघ्यापर्यंत बूट घातलेल्या, आपल्या हाताने खुर्च्या लावणाऱ्या. एल्ब्रिज लवकर गेला आणि कॉफीच्या भांड्याशी त्यांना गाठून हळू आवाजात म्हणाला, "बाई, आमच्या डब्यांची माहिती तुमच्याकडे आहे ना सगळी? मग तुम्हाला ठाऊकच आहे कोण कुठे जातं ते. तुम्हीच गुपचूप रेघ जरा सरकवा की."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "ठाऊक आहे, कॅप्टन. मी ते चौकोन उघडे पाहिले आहेत. पण जे लोकांना दाखवता येत नाही, त्याच्यावर नियम करता येत नाही. उद्या कुणी विचारलं रेघ का वळवली, तर मी काय दाखवू? तुम्ही बोललात, तर मी ते लिहून घेईन. आणि लिहिलेलं सगळ्यांना वाचायला ठेवीन. तेही मला करावंच लागेल."

"म्हणजे दार उघडलं की सगळ्यांनाच."

"हो," बाई म्हणाल्या. "अर्धवट उघडता येत नाही हो."

सभा सुरू झाली. खाडीतले लोक, शेजारच्या खाडीतले, त्याच्याही पलीकडचे, ज्यांना चूल आहे एवढं ऐकून माहीत होतं, कुठे आहे ते नाही. बाईंनी भिंतीवर नकाशा दाखवला आणि विचारलं, या पट्ट्याबद्दल कुणाला काही सांगायचंय? कॉफीचं भांडं ठिबकत होतं. हॉलिस दाराशी उभा होता, टोपी हातात. तो नकाशाकडे बघत नव्हता. एल्ब्रिजकडे बघत होता.

एल्ब्रिज उठला. खुर्च्यांमधून वाट काढत भिंतीपाशी गेला, पांढऱ्या चौकोनावर बोट टेकवलं आणि म्हणाला, "इथे आम्ही असतो."

बस. त्याच्या पाठीमागे सगळी शेड एकदम पुढे झुकली. खुर्च्यांचे पाय फरशीवर करकरले. तो वळला तेव्हा दाराशी कुणी नव्हतं.

नंतरच्या आठवड्यात त्याच्या एका बोयाच्या दांड्याला फास होता. दोर डावीकडून फिरवलेला. एल्ब्रिजने तो सोडवला, गुंडाळून खिशात ठेवला, आणि रोंडाला काही सांगितलं नाही. चर्चमध्ये हॉलिस त्याच्या बाकापासून दूर बसला. आता तिथे वासाचा काही संबंध नव्हता.

खात्याने मात्र बोलल्याप्रमाणे केलं. पट्टा पूर्वेला सरकला आणि नियम छापून आला. रोंडाने केक केला. बाईंनी कळवलं की एका माणसाच्या सांगण्याने हे झालं. एल्ब्रिजने केकचा मोठा तुकडा खाल्ला, आणि धुक्यातली ती तार आठवून म्हणाला, "टग तर गेला."

रोंडा हसली. तिला वाटलं, बाबा खूश आहेत.

वसंत सरला, पाणी थोडं ऊबदार झालं, आणि एल्ब्रिज सापळे घेऊन चुलीवर गेला. तिथे हिरवे-पिवळे बोये होते. लाल पट्ट्याचे होते. एक नारिंगी, ज्याचा मालक कुठल्या खाडीचा तेही त्याला कळेना. धुक्यातून चारी बाजूंनी इंजिनं ऐकू येत होती, आणि एकही इंजिन ओळखीचं नव्हतं. त्याने जिथे मोकळी जागा मिळाली तिथे आपले सापळे टाकले, पाहुण्यासारखे. रोंडाने घरी नवा नकाशा दाखवला. चौकोन आता इतका गडद निळा की जवळजवळ काळा.

मग ती सकाळ. धुकं जाड, होडीचं नाक दिसेना. एल्ब्रिजने आपला पहिला बोया आकडीने ओढून घेतला, दोर कप्पीवर चढवला, आणि दोर भराभर वर येऊ लागला. फार भराभर. त्याला वजनच नव्हतं. टोक आलं तेव्हा ते स्वच्छ कापलेलं होतं. आधी फास नव्हता की काही नव्हतं. दुसरा बोया तसाच, तिसरा तसाच. पुढचे तर सापडलेच नाहीत.

उजवीकडे एक इंजिन मंद झालं. हे ओळखीचं होतं. धुक्यातून हॉलिसची होडी निघाली आणि बाजूला येऊन लागली. एल्ब्रिजने मनाची तयारी केली. पण हॉलिसच्या हातातही दोर होता, आणि त्याचंही टोक तसंच स्वच्छ कापलेलं.

दोघांनी एकमेकांच्या दोरांची टोकं हातात घेऊन निरखली. मधल्या पाण्यात एक हिरवा-पिवळा बोया डुलत होता.

"चाकू आहे?" हॉलिसने विचारलं. सुनावणीनंतर त्याने एल्ब्रिजला विचारलेली ही पहिली गोष्ट.

"आहे," एल्ब्रिज म्हणाला. "पण आधी फास."

"आपल्याला मारला होता का कुणी?"

"तू मारला होतास," एल्ब्रिज म्हणाला, आणि खिशातून तोच दोराचा तुकडा काढला.

एल्ब्रिजने आकडीने बोया जवळ ओढला. वाकताना त्याची नजर वर गेली. त्याच्या छपरावर हिरवा दिवा लुकलुकत होता, हॉलिसच्या छपरावरही. दोन होड्या, चुलीवर, एकमेकींना लागून, इतका वेळ उभ्या, आणि मिनिटामिनिटाची नोंद होत असलेली. आता धुक्याला कुणी कोर्टात बोलावण्याची गरजच उरली नव्हती. आणि सभोवती इंजिनं होती, तीही मंद होत चाललेली, जशी ऐकायला थांबलेली माणसं श्वास धरतात.

त्याने दांड्याला फास मारला, बापाने शिकवला होता तसा, आणि बोया पाण्यात सोडून दिला.

पलीकडे हॉलिसने आपला चाकू उघडला होता. तो त्याने मिटला नाही.